खूण ठेवायची नाही

आमच्या गावाला नाव नव्हतं. कागदावर होतं, चांगलं हातभर लांब. त्यात 'सामुदायिक' होतं, 'सहकारी' होतं, 'मर्यादित' होतं. पण मुरुमच्या बाजारात कुणी विचारलं, "कुठली गं तू?" की आम्ही सांगायचो, "सोसायटीची." गाडीवान म्हणायचे सोसायटी, पोस्टमन म्हणायचा सोसायटी, आणि पुढे एस.टी. सुरू झाली तेव्हा फाट्यावरच्या पाटीवरही तेच रंगवलं गेलं. सोसायटी मोडून जमाना झाला, पाटी मात्र अजून आहे. कंडक्टर आजही "चला सोसायटीवाले" म्हणून ओरडतो आणि मी पिशवी घेऊन उठते.

आम्ही मूळचे इथले नव्हे. दक्षिणेला, तेव्हाच्या हैदराबाद राज्यातच, एका नदीकाठी आमचं गाव होतं. नदीवर धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं. विलीनीकरणाला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. निजामाच्या खाजगीतली जमीन सरकारजमा झाली होती, तिचा एक मोठा माळ उस्मानाबाद जिल्ह्यात मुरुमच्या बाजूला पडून होता, तो आम्हा बावीस घरांना मिळाला. मी सात वर्षांची होते. बैलगाड्यांनी आलो. किती दिवस लागले ते मला सांगता येणार नाही, पण बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा मला पुढे कित्येक वर्षं वीट आला होता, एवढं खरं.

मुरुमच्या बाजारात निम्मे लोक कानडी बोलायचे, म्हणूनच अप्पांनी हा माळ निवडला. अप्पा म्हणजे माझे वडील. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. आमचं घरातलं सगळं बोलणं कानडी, पण इथं ते मी या भागातल्या मराठीतच लिहितेय, कारण आता मला ते तसंच आठवतं. अव्वाचा आवाजसुद्धा मला मराठीत ऐकू येतो. तिला मराठी कधी आलं नाही, आणि आपली लेक आपल्याला परक्या भाषेत आठवेल हे तिला कळलं असतं तर तिनं मला लाटण्यानं हाणलं असतं.

गाडीतून उतरल्यावर अव्वानं पहिल्यांदा काय केलं, तर पायानं माती उकरली. वीतभर खाली दगडाचा गुंड लागला. नदीकाठची काळी जमीन कसलेली बाई ती. "दगड पेरायला आणलं व्हय आमाला?" असं तिनं सगळ्यांदेखत अप्पांना विचारलं. बाया हसल्या. अप्पाही हसले. तेव्हा आमच्यात हसणं होतं.

अप्पांना उर्दू लिहिता-वाचता यायचं, कानडी तर यायचंच, आणि तहसिलीत जाऊन जाऊन तोडकंमोडकं मराठीही आलं. म्हणून ते चेअरमन झाले. पण त्यांच्या मनात जे होतं ते कुठल्याच कागदातून आलेलं नव्हतं. गाव बुडणार असं नक्की झालं तेव्हा आमच्या जुन्या गावात सख्खे भाऊ बुडणाऱ्या जमिनीच्या वाटणीवरून कुऱ्हाडी घेऊन उठले होते. जी जमीन पुढच्या पावसाळ्यात माशांची होणार, तिच्या बांधावर एका माणसाचा जीव गेला. तो माणूस अप्पांचा धाकटा भाऊ होता. अप्पांनी तिथंच ठरवलं, नव्या गावात बांध असणार नाही. जमीन कुणाच्याच नावावर असणार नाही. सगळ्यांनी मिळून कसायची, एका खळ्यावर रास करायची आणि घरातली तोंडं मोजून धान्य वाटायचं.

आणि तसं त्यांनी केलं. मोजणीवाल्यानं रोवलेले हद्दीचे दगड लोकांनी उपटले आणि शाळेच्या पायात घातले. माळावर मधोमध एक जुना कडुलिंब होता, त्याच्या फांदीला घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगला. सकाळी तो वाजला की बावीस घरांतले बाया-बापे खुरपी-विळे घेऊन निघायचे. बैल एका गोठ्यात. अवजारं एका पडवीत. आसपासच्या गावांतले लोक मुद्दाम बघायला यायचे. एक म्हातारा कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "बांधच न्हाय? मंग ह्यांनी भांडायचं तरी कशावरनं?" अप्पांना ते बोलणं इतकं आवडलं की पुढं कितीतरी दिवस ते आल्यागेल्याला सांगत होते.

माझे अप्पा भले गृहस्थ होते. भल्या माणसावर राग धरणं फार जड जातं. मी तो नेटानं धरला.

रागाचं मूळ सांगायचं तर आधी आमची एक रीत सांगायला हवी. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, पुरतात. बसवून पुरतात, आणि ज्याला त्याच्या शेतात. वर दगडमातीचा ओटा करतात. अमावास्येला तिथं निवद ठेवायचा, दिवा लावायचा, येता-जाता हात जोडायचे. जुन्या गावात आमच्या शेताच्या कोपऱ्यात असे तीन ओटे होते. दोन अव्वाच्या सासू-सासऱ्यांचे, आणि एक अगदी लहान, माझ्या पाठच्या भावाचा. तो अकरा दिवसांचा होऊन गेला. अव्वा शेतात गेली की पदरानं तो लहान ओटा पुसायची, अगदी रोज. मला वाटायचं सगळ्यांच्याच आया तसं करतात.

गाव सोडलं त्या दिवशी ती ओट्यापाशी किती वेळ बसली असेल ते मला आठवत नाही. गाडीत बसल्यावर ती मागं तोंड करून बसली होती, ते आठवतं.

नव्या गावात पहिलं मरण आलं ते आमच्यातल्या सगळ्यांत थोर म्हाताऱ्याचं. घंटा वाजवायचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांना कुठं ठेवायचं, यावर लिंबाखाली बैठक बसली. बापे मधे, बाया बाजूला. स्वतःच्या शेतात ठेवायचं म्हटलं तर स्वतःचं शेत कुणाचंच नाही. गावाबाहेर वेगळी जागा करू, असं एकजण म्हणाला, तर बाकीचे खवळले. आपला माणूस उकिरड्याकडंला कशाला? तेव्हा अप्पा उठले. ते म्हणाले, "सगळी जमीन त्येंचीच हाय. कुठंबी ठिवा, त्ये आपल्याच शेतात हायेत." लोकांच्या माना डोलल्या. मग पुढचं बोलले, "पर वर ओटा न्हाय, दगड न्हाय. आज एक ओटा झाला, की उद्या म्हणतील हा तुकडा आमच्या बापाचा. खूण ठेवायची न्हाय. वरनं नांगर जाऊ द्या. ज्यानं जमीन कसली त्याच्यावरनं नांगर गेला तर त्येला बरंच वाटंल."

लोकांना ते फार पटलं. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. आज मला वाटतं, नदीवाले लोक नसते तर असला ठराव कुणी केला नसता. ज्यांचे सगळेच ओटे पाण्याखाली गेलेत, त्यांनाच वाटू शकतं की ओट्यावाचून चालतं. घरी आल्यावर मात्र अव्वानं भाकरी थापता थापता अप्पांना विचारलं, "तुमचा भाऊ बांधावर गेला, त्येची शिक्षा मेलेल्यांना का?" अप्पा जेवण सोडून उठून गेले.

येळवस हा आमच्या भागातला मोठा सण. मार्गशीर्ष अमावास्येला ज्वारी डोक्याएवढी उभी असते. जो तो आपापल्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतो, आत पाच खडे मांडून पूजा करतो, आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असा स्वयंपाक घेऊन सगळं घरदार शेतात जातं. शेताच्या वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. "आमच्या शेतात या" हेच त्या दिवसाचं बोलणं. सोसायटीत बावीस घरांची मिळून एकच मोठी कोप असायची. आम्हा पोरांना त्यात मजा वाटायची, कारण बावीस चुलींची भज्जी चाखता यायची.

एका येळवसेला शेजारच्या गावची एक बाई अव्वाला बोलवायला आली. बाजारात दोघींची ओळख झाली होती. मी मधे उभी राहून दोघींचं बोलणं एकमेकींच्या भाषेत सांगत होते. ती म्हणाली, "सांग तुझ्या आईला, आमच्या शेतात या म्हणावं, दुपारच्याला आमी वाट बघतो." मी सांगितलं. अव्वा हसली, मान हलवली. मग तिनं उलट आमंत्रण द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं. 'आमच्या शेतात या' हे वाक्य तिच्याजवळ नव्हतं. ती बाई जरा थांबली आणि गेली. अव्वा कोपीत आली नाही. ज्वारीच्या कडेला उकिडवी बसली आणि तिथूनच अप्पांना म्हणाली, "मला चार हात जागा द्या. जास्ती न्हाय. म्या मेल्यावर मला तिथं ठिवा, आन् वर एक दगड ठिवा. पोरीला कळलं पायजे."

अप्पा समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, सगळी जमीन तुजीच हाय की."

"सगळी माजी," ती म्हणाली, "मंग त्यातली माजी कुठली?"

अप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, "चेअरमनच्या बायकोला दगड आन् बाकीच्यांना न्हाय, असं कसं करू गं म्या?" मी दहा-अकरा वर्षांची. मला काय कळणार? पण हा प्रश्न त्यांनी अव्वाला विचारायला हवा होता, एवढं मला तेव्हाही कळलं होतं.

मग राज्यं बदलली. भाषावार वाटणी झाली, आमचं जुनं गाव, म्हणजे त्याच्यावरचं पाणी, एका राज्यात गेलं आणि आम्ही दुसऱ्या राज्यात. "जागचं न हलता आपुन परमुलुखात गेलो की," अव्वा म्हणाली. शाळेत मराठी आलं. मला ते भरभर आलं, कारण मला यायलाच हवं होतं. बाजारात, दवाखान्यात, तलाठ्यासमोर अव्वाचं तोंड मीच होते.

तिला खोकला लागला तेव्हा मुरुमच्या डॉक्टरांपुढंही मीच बोलले. डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि मला म्हणाले, "सोलापूरला न्यावं लागेल. पण फार उशीर झालाय, वडलांना सांग." अव्वानं विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, औषध घे म्हणतात, बरं वाटेल. ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तू तुज्या अप्पावर गेलीस. चांगलं बोलतीस."

शेवटच्या आठवड्यात तिनं मला जवळ बोलावून घेतलं. तिला फार बोलवत नव्हतं. म्हणाली, "ते दगड ठिवणार न्हायत. तू ध्यानात ठेव. तुला लिव्हता-वाचता येतं, मोजता येतं. कुठं ठिवलं ते ध्यानात ठेव. वहीत लिहू नको, अप्पा बघतील." मी हो म्हटलं. मी तेरा वर्षांची होते आणि मला वाटलं, हे अगदी सोपं काम आहे.

ती फाल्गुनात गेली. ज्वारी काढून झाली होती, रान मोकळं होतं. सोसायटीतल्या थोरल्या काकांनी खड्डा खणला. मुरुमहून विधी करायला स्वामी आले. अव्वाला न्हाऊ घालून, विभूती लावून बसवलं, फुलं घातली, आणि माती लोटली. उरलेली माती अप्पांनी स्वतः पायानं दाबली, मग फावड्यानं सारखी केली, मग त्यावर धसकटं पसरली. शेजारची मावशी म्हणाली, "चेअरमनसाब, निदान आजचा दिस तरी राहू द्या." अप्पा म्हणाले, "न्हाय. माज्यापासनंच नियम मोडायचा का?" मी ते ऐकलं. त्या क्षणी माझे वडील मला नकोसे झाले.

सगळे परत निघाले, मी मागं राहिले आणि पावलं मोजली. त्या जागेपासून डाव्या हाताला वळून एक्केचाळीस, मग घंटेच्या लिंबापर्यंत सरळ तीनशे बारा. दोनदा मोजली. दोन्ही वेळा तेवढीच आली. रात्री झोपताना पाठ केली, सकाळी उठल्यावर म्हणून बघितली. पाढ्यासारखी पक्की झाली.

आषाढात पेरणी झाली. शाळेच्या खिडकीतून मला ते रान दिसायचं. तिफण अप्पांच्या हातात होती. तिफण त्या जागेवर गेली, थांबली नाही, सरळ पुढं गेली. मी पाटीवर गणितं करत होते, ती सगळी चुकली. त्यानंतर मी अप्पांशी कामापुरतंच बोलले. हो, नाही, जेवण झालंय, पाणी भरलंय. सोळाव्या वर्षी लग्न होऊन उमरग्याला गेले तेव्हा पाया पडले, पण वर तोंड करून बघितलं नाही.

सोसायटी कशी मोडली याच्या पुष्कळ कथा आहेत, आणि प्रत्येकाच्या कथेत दोष दुसऱ्याचा आहे. मी सासरी असताना ते हळूहळू होत गेलं. हा जास्त राबतो, तो कमी राबतो. सगळ्यांचे बैल म्हणून त्यांना वैरण टाकायचं कुणालाच आठवत नाही. तरण्या पोरांना आपली विहीर हवी, आपला ऊस हवा. मला मावशीनं सांगितलेलं एवढंच खरं वाटतं, की एक दिवस अप्पांनी सकाळी घंटा वाजवली आणि कुणी आलं नाही. ते वाजवत राहिले. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातानं वाजवली. शेवटी तीन माणसं आली, तीही दया येऊन. त्यानंतर अप्पांनी स्वतःच बैठक बोलावली आणि म्हणाले, वाटून घ्या. जमिनीचे बावीस गट पाडायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या असं ठरलं.

त्या दिवसांत एका दुपारी ते उमरग्याला माझ्या दारात उभे राहिले. कधी येत नसत. मी पाणी दिलं. ते बसले नाहीत. तांब्या हातात धरून म्हणाले, "चिठ्ठ्या टाकायच्या आदुगर म्या एक तुकडा मागून घ्यावा म्हणतो. लोक न्हाय म्हणणार न्हायत. तुला ती जागा ठाव हाय न्हवं?"

इतक्या वर्षांचं माझ्या तोंडून बाहेर आलं. "तुमीच म्हणला हुता न्हवं, खूण ठेवायची न्हाय?"

"व्हय," ते म्हणाले. "म्याच म्हणलो हुतो."

मग त्यांनी तांब्या खाली ठेवला. "पर तू मोजत हुतीस. म्या वळून बघितलं हुतं तुला, पावलं मोजताना. म्हणलं, चला, पोरीला ठाव हाय. म्हणून तर तिफण घालू शकलो त्या रानात."

मला काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सात वर्षं मी ज्या गोष्टीसाठी त्यांचा राग केला, ती गोष्ट ते माझ्या भरवशावर करत होते. मी चप्पल घातली आणि त्यांच्याबरोबर निघाले. वाटेत एस.टी.त मी मनात म्हणत होते, तीनशे बारा, एक्केचाळीस. आकडे जसेच्या तसे होते.

फाट्यावरून आत आलो आणि मी थांबले. दोन-तीन वर्षांत मी इकडं फिरकले नव्हते. लिंब नव्हता. दोन वर्षांपूर्वी सोसायटीनं सगळ्यांनी मिळून जे शेवटचं काम केलं, ते म्हणजे गोदाम. त्यासाठी लिंब मुळासकट काढला होता. गोदाम केवढं तरी लांबलचक. लिंब त्याच्या कुठल्या कोपऱ्यात होता ते दोन माणसं एकसारखं सांगेनात. अप्पांनी कपाळावर हात मारला. लिंब तोडायच्या ठरावावर पहिली सही त्यांचीच होती, आणि तेव्हा त्यांना हे सुचलंसुद्धा नव्हतं.

तरी मी मोजली. अंदाजानं एक जागा धरली, शाळेकडं पाठ केली आणि चालू लागले. चालताना कळलं, की माझं पाऊल तेरा वर्षांच्या पोरीचं राहिलेलं नाही. लहान लहान पावलं टाकून बघितली. लोक उभे राहून बघत होते, बाई शेतात अशी का चालतेय म्हणून. मी जिथं पोचले तिथं नुसता खडक होता. तिथं कुणी वीतभरही खणू शकलं नसतं.

मग थोरल्या काकांना बोलावलं, खड्डा त्यांनीच खणला होता. त्यांनी एक जागा दाखवली, अगदी खात्रीनं. मावशीनं दुसरी दाखवली, तीही खात्रीनं, चांगली पन्नास हातांवर. अप्पांना विचारलं तर ते रानात इकडून तिकडं गेले आणि तिसऱ्याच ठिकाणी उभे राहिले, मग तिथूनही चार पावलं सरकले. तीन जागा, आणि मोजणीवाल्याच्या नकाशात त्या तीन वेगळ्या गटांत पडत होत्या. ज्वारीची धसकटं सगळीकडं सारखीच होती. नियम आम्ही इतका चोख पाळला होता, की कुठं उंचवटा नाही, कुठं खळगा नाही. "उकरून बघू का?" असं कुणीतरी पुटपुटलं. अप्पांनी नुसतं त्याच्याकडं बघितलं.

अप्पा मला म्हणाले, "तुजी चूक न्हाय." मला तेच सहन झालं नाही. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी धसकटांत बसून रडले. अव्वानं आयुष्यात माझ्याकडं एकच काम दिलं होतं आणि ते मी घालवलं होतं.

चिठ्ठ्या शाळेत टाकल्या. अप्पांच्या वाट्याला रस्त्याकडचा गट आला, त्या तिन्ही जागांपासून सगळ्यांत लांबचा. ज्या तीन घरांना ते तीन गट गेले, ती तिन्ही माणसं येऊन म्हणाली, चेअरमनसाब, आमच्या शेतात दगड ठिवा, आमची काय हरकत न्हाय. अप्पांनी हात जोडले. एका माणसाचे तीन ओटे कसे बांधणार?

फाट्यावर, पाटीखाली एक बाभळ आहे. त्या दिवसापासून अप्पा बाहेरून आले की चपला त्या बाभळीखाली काढायचे आणि पुढं अनवाणी यायचे. सोसायटीच्या जमिनीत पाऊल टाकायचं ते अनवाणीच, आपल्या शेतात, दुसऱ्याच्या शेतात, नव्यानं पडलेल्या प्रत्येक बांधावर. चैत्र-वैशाखात तो माळ तव्यासारखा तापतो. लोकांना वाटलं काहीतरी नवस असेल. मावशीनं एकदा विचारलं, तर म्हणाले, "कुठं पाय पडंल, काय सांगावं?" तेवढंच. पुढं कुणी विचारलं नाही. काम नसलं तरी ते रोज सगळ्या रानातून एक फेरी मारायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाली बघत.

मी जायचे तेव्हा आम्ही बोलायचो. अव्वाविषयी नाही. ज्वारीविषयी, माझ्या मुलीविषयी, एस.टी.च्या वेळांविषयी. राग कुठं गेला ते मला कळलं नाही. त्याची जागा ज्यानं घेतली ते रागापेक्षा वाईट होतं.

चार वर्षांनी, उन्हाळ्यात, ते गेले. मी पोचले तेव्हा रस्त्याकडच्या गटात खड्डा खणून झाला होता आणि लोकांनी ओट्यासाठी चांगले घडवलेले दगड गाडीतून आणून ठेवले होते. आता प्रत्येकाचं आपलं शेत होतं, आता ओटा करायला कुणाची आडकाठी नव्हती. मावशीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, त्यांनी शेवटी बजावलंय, तिला न्हाय तर मला बी नको, खूण ठेवायची न्हाय. मी ते दगड परत पाठवले.

न्हाऊ घालताना पाय मी धुतले. तळवे काळे पडले होते, टाचांना खोल भेगा होत्या आणि भेगांत माती घट्ट बसली होती. मी पाणी ओतलं, बोटानं चोळलं, मग नारळाच्या शेंडीनं घासलं. माती निघेना. स्वामी म्हणाले, "बाई, उन्हं चढली, आटपा." मी आणखी एकदा पाणी ओतलं, आणि मग माझ्या ध्यानात आलं, की चार वर्षं रोज हे पाय सगळ्या रानातून फिरले आहेत. यातली चिमूटभर तरी माती तिच्या जागेवरची असणार.

मी शेंडी बाजूला ठेवली. पाय तसेच पुसले, आणि अप्पांना उचलायला लोकांना सांगितलं.